वर्गात कळतं, घरी वही उघडली की येत नाही: असं का होतं?

घणसोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा सातवीत आहे, सेमी-इंग्लिशला. सर शिकवतात तेव्हा कळतं म्हणतो, पण घरी तेच गणित येत नाही. एका गणितात तीनदा 'आई, पुढे काय?' विचारतो. तीन कामं सांगितली तर एकच करून येतो. शाळेतून 'लक्ष देत नाही' असा शेरा आलाय. जवळच एक मेमरी कोर्स आहे, 15 हजार रुपये फी. लावावा का? की सेमी सोडून गणित-विज्ञान मराठीतून घ्यावं?"

ताई, आधी सरळ उत्तरं. कोर्स लावू नका. सेमी आत्ता सोडवू नका. आणि मुलगा लक्ष देत नाही असं तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. तो लक्ष देतोय आणि तरीही गोष्टी हातातून निसटताहेत, असं दिसतं. मी ठाण्यात गणित शिकवत आले. आता कळव्यापासून ऐरोलीपर्यंतच्या शाळांतल्या तरुण शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसते आणि नंतर त्यांच्याशी तासाबद्दल बोलते. मागच्या बाकावरून जे सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हेच: मूल प्रामाणिकपणे फळ्याकडे बघतंय, पहिल्या दोन पायऱ्या बरोबर लिहितंय, आणि तिसऱ्या पायरीला त्याचे डोळे रिकामे होतात. त्या क्षणाला आळस म्हणणं फार अन्यायाचं आहे.

माणूस विचार करतो तेव्हा आत्ता लागणाऱ्या गोष्टी धरून ठेवायची जागा मनात फार छोटी असते. मानसशास्त्रात तिला वर्किंग मेमरी म्हणतात. वन रूम किचनमधला ओटा डोळ्यासमोर आणा: फडताळात सामान भरपूर असेल, पण एका वेळी ओट्यावर मावेल तेवढंच कापायला, मळायला घेता येतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. पुढे 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून म्हटलं की मनात उजळणी करायला किंवा गोष्टींचे गट पाडायला वाव नसेल, तर खरा आकडा चारच्या जवळपास येतो. आणि हे मोठ्या माणसांचं. मुलांची जागा त्याहून लहान असते आणि वयाबरोबर हळूहळू वाढते.

शिवाय ती टिकाऊही नाही. 1959 मध्ये पीटरसन पती-पत्नींनी एक साधा प्रयोग केला. माणसांना फक्त तीन अक्षरं सांगायची आणि लगेच एका संख्येपासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे मनात अक्षरांची उजळणी होऊ नये. 18 सेकंदांनंतर बहुतेकांना ती तीन अक्षरं आठवेनात. शिकलेली, धडधाकट माणसं होती ती. तेव्हा "आत्ताच तर सांगितलं!" हे वाक्य आपण मुलांना किती सहज सुनावतो, त्याचा जरा विचार करा.

आता तुमच्या मुलाच्या वहीकडे येऊ. सातवीच्या मुलासमोर 3/4 + 5/6 हे गणित आहे. दिसायला एक बेरीज. आत काय चालतं ते सावकाश पाहू. छेद वेगळे आहेत, म्हणजे थेट बेरीज करायची नाही. 4 आणि 6 चा लसावि काढायचा. त्यासाठी चारचा पाढा, सहाचा पाढा, आणि दोन्हींत येणारी पहिली संख्या हेरायची: 12. चारचे बारा करायला 3 ने गुणलं, म्हणून अंशालाही 3 ने गुणायचं, तीन त्रिक नऊ. हे नऊ धरून ठेवायचं. सहाचे बारा करायला 2 ने गुणलं, पाच दुणे दहा. नऊ आणि दहा एकोणीस. खाली बारा. एकोणीस छेद बारा, म्हणजे 1 पूर्णांक 7/12.

ज्या मुलाला पाढे पाठ आहेत त्याला यातल्या निम्म्या गोष्टी धरून ठेवाव्याच लागत नाहीत. "तीन त्रिक नऊ" आपोआप येतं, जागा अडवत नाही. ज्याला पाढा मोजून काढावा लागतो तो बोटांवर चार, आठ, बारा करत जातो, मग सहा, बारा करतो, आणि बारा सापडेपर्यंत आपण हे बारा कशासाठी शोधत होतो तेच सुटून जातं. तुमच्या घरातला "आई, पुढे काय?" हा प्रश्न तिथून येतो. लसावि म्हणजे काय हे त्याला माहीत नाही असं नाही. लसावि काढता काढता जागा भरली आणि मूळ बेरीज बाहेर पडली.

"वर्गात कळतं" हेही तो खोटं बोलत नाही. फळ्यावर सर गणित सोडवतात तेव्हा पुढची पायरी कुठली, आकडा कुठला धरायचा, हे सगळं ते स्वतः सांभाळत असतात. मुलानं एका वेळी एकच पायरी बघायची असते, आणि सुटी सुटी प्रत्येक पायरी त्याला खरंच कळते. घरी वही उघडली की सरांनी सांभाळलेलं ओझंही त्याच्यावर येतं. कळणं आणि करता येणं यांतलं अंतर बऱ्याचदा एवढंच असतं, आणि ते भरून काढता येतं.

कोर्सबद्दल मी एवढ्या ठामपणे का सांगते? 1980 मध्ये एरिकसन, चेस आणि फॅलून या संशोधकांनी एका कॉलेजच्या विद्यार्थ्याबद्दल लिहिलं. त्याला एकामागून एक आकडे सांगायचे आणि त्यानं ते त्याच क्रमानं परत म्हणायचे. सुरुवातीला त्याला सातच्या आसपास आकडे जमत. दीड वर्षाहून जास्त काळ, एकूण दोनशे तासांच्या वर सराव केल्यावर तो जवळजवळ 80 आकडे म्हणू लागला. पण त्यालाच आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तेव्हा गाडी पुन्हा सहावर. त्याची जागा वाढली नव्हती. तो धावपटू होता, आणि आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायला शिकला होता. मेमरी कोर्समध्ये असंच होतं. मूल वीस वस्तूंची यादी उलटसुलट म्हणून दाखवतं, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि अपूर्णांकांची बेरीज होती तिथेच राहते. संगणकावरच्या 'ब्रेन ट्रेनिंग'च्या खेळांवर बराच अभ्यास झाला आहे, त्यातही हेच दिसलं: मुलं त्या खेळात पटाईत होतात, शाळेच्या गणितात फारसा फरक पडत नाही.

मग उपाय काय? अशा सरावानं जागा वाढत नाही, पण दीर्घकाळच्या स्मरणात पक्कं बसलेलं ज्ञान त्या जागेत फार थोडी जागा घेतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा 1973 चा बुद्धिबळाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर उस्ताद खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या जागच्या जागी मांडतो. त्याच सोंगट्या कुठेही, कशाही ठेवून पट दाखवला की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ती वेगळी नव्हती. हजारो डावांतून त्याच्याकडे आकृत्या साठल्या होत्या, आणि पाच-सहा सोंगट्या त्याला एकच गोष्ट म्हणून दिसत होत्या. तुमच्या मुलाला 12, 24, 36 हे आकडे बघताक्षणी चार-सहाचे नातेवाईक म्हणून ओळखता आले, की तोही त्याच मार्गावर आहे.

शिक्षकांची मुख्य अडचणही इथेच आहे. आपल्याला जे एक दिसतं ते मुलाला सात तुकड्यांत दिसतं, आणि आपल्याला ते सात तुकडे दिसेनासे झालेले असतात. वर्षानुवर्षं शिकवलेला उत्तम शिक्षक कधी कधी नवशिक्या मुलाला सगळ्यात जास्त वेगानं मागे टाकतो तो यामुळे. म्हणून तरुण शिक्षकांना मी तासाच्या आधी गणित स्वतः कागदावर सोडवून, मुलानं कुठल्या क्षणी काय काय धरून ठेवायचं आहे ते शेजारी लिहायला लावते. तास निम्मा तिथेच सुधारतो.

पाढ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण मधल्या काळात पाठांतर म्हणजे काहीतरी मागासलेलं अशी हवा झाली. आपल्याकडे पूर्वी तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. आज पाऊणकी पाठ करा असं मी म्हणणार नाही, तिची गरज राहिली नाही. पण वीसपर्यंतचे पाढे ओठांवर असणं ही आकलनाची जागा मोकळी करून देणारी गोष्ट आहे. अर्थ न कळता घोकलेला पाढा कमी उपयोगाचा, हे खरंच. चार गुणिले तीन म्हणजे काय हे मुलाला कळलं पाहिजे, खडे मांडून, चौकटी काढून. पण कळून झाल्यावर तो पाठही झाला पाहिजे. दोन्हींमध्ये भांडण लावायचं कारण नाही.

आकड्यांच्या नावांचीही एक गोष्ट आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मराठी बुडाली असं लोक म्हणाले. गणिततज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या आणि त्यांनी शांतपणे कारणं सांगितली. पहिली-दुसरीच्या मुलांशेजारी बसलेल्या कोणालाही ती पटावीत. बाई म्हणतात "सत्तेचाळीस". मुलाच्या कानावर आधी सात येतं, लिहायचं मात्र आधी चार. म्हणजे सात धरून ठेव, चाळीस ऐकू येईपर्यंत थांब, चार लिही, मग धरलेलं सात लिही. कितीतरी मुलं 74 लिहितात. त्यात 'एकोणसाठ' आलं की साठ ऐकू येतं आणि लिहायचे पन्नासातले. त्या वयात ओझं असं एका शब्दात लपलेलं असतं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं दोन्ही वाचनं असावीत आणि पुढे पारंपरिक नावं पक्की व्हावीत. बाजारात आजीशी बोलताना तीच लागणार आहेत.

2015 पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतः करून ज्ञान घडवतं या विचाराची, मोठी लाट आली. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा घेऊन मुलं स्वतः हाताळून शिकत होती. लहान मुलांसाठी ते फार चांगलं होतं, आणि का चांगलं होतं तेही याच नियमातून कळतं: दहाचा गठ्ठा हातात असला की दहा मनात धरावे लागत नाहीत. पण त्यातूनच "शिक्षकानं सांगायचं नाही, मुलानं शोधायचं" असा अर्थ वरच्या वर्गांपर्यंत पोचला, तिथे माझा विरोध आहे. ज्या मुलाकडे त्या विषयाचं काहीच साठलेलं नाही, त्याला स्वतः शोध म्हणून सोडलं की शोधण्यातच सगळी जागा संपते आणि शिकायला उरत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी 2006 मध्ये हीच भूमिका सविस्तर मांडली. तिच्यावर वाद झाले, अजून होतात. पण सातवीतल्या बीजगणिताच्या पहिल्या आठवड्याबद्दल माझ्या मनात शंका नाही: आधी दाखवा, मग सोडा.

दाखवायचं कसं, ते घरी तुम्हीही करू शकता. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी ग्रॅहम कूपर यांच्याबरोबर 1985 मध्ये बीजगणित शिकणाऱ्या मुलांचे दोन गट केले. एकाला नुसती गणितं सोडवायला दिली, दुसऱ्याला एक सोडवलेलं उदाहरण वाचायला आणि लगेच तसंच एक सोडवायला, अशा जोड्या दिल्या. दुसऱ्या गटानं नंतर तशाच गणितांत कमी वेळ घेतला आणि कमी चुका केल्या. तेव्हा आज रात्री सरावसंचातली दहा गणितं एका दमात सोडवायला बसवू नका. वहीत सरांनी सोडवलेलं एक गणित उघडा. मुलाला ते मोठ्यानं वाचू द्या आणि प्रत्येक ओळीला "हे का केलं?" एवढंच विचारा. मग तसंच दुसरं घ्या, पण शेवटची पायरी सोडून बाकी तुम्ही लिहून द्या. शेवटची त्यानं करायची. पुढच्यात शेवटच्या दोन. असं मागून पुढे सरकत चार-पाच गणितांत अख्खं गणित त्याच्या हातात येतं. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालतं, उतरवून द्यायला वहीतलं उदाहरण आहे.

आणि कच्चं काम कागदावर करू द्या. "मनात कर, मनात कर" हा आग्रह सोडा. लसावि 12 आला की बाजूला 12 लिहून त्याभोवती गोल करायचा. कागदानं धरलेलं डोक्याला धरावं लागत नाही.

शाब्दिक उदाहरणांत सेमीच्या मुलांवर भाषेचं जास्तीचं ओझं पडतं, आणि ठाणे-नवी मुंबईत सेमीची मुलं इतकी आहेत की हे प्रत्येक शाळेत बोललं जायला हवं. एक उदाहरण घ्या: "अ शॉपकीपर बॉट 20 नोटबुक्स फॉर 600 रुपीज अँड सोल्ड देम ॲट 36 रुपीज ईच. फाइंड हिज प्रॉफिट पर्सेंट." मूल 20, 600, 36 उचलतं. 'ईच' वाचलेलं असतं, पण इंग्रजी वाक्य जुळवण्यात ते निसटतं. मग 600 ला घेतलं आणि 36 ला विकलं, म्हणजे तोटा! पुस्तक तर प्रॉफिट म्हणतंय. मूल गोंधळतं, खोडतं, आणि आपण म्हणतो नफा-तोटा येत नाही. हेच मराठीत सांगा: वीस वह्या सहाशेला घेतल्या, छत्तीसला एक अशा विकल्या. एक वही तीसला पडली, एकीमागे सहा रुपये सुटले, तीसावर सहा म्हणजे शेकडा 20. तोंडी सांगेल.

म्हणून सेमी सोडवण्याऐवजी मी असं करायला सांगेन. गणित आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत सांगायचं, एखादं चित्र काढायचं, मग इंग्रजीत मांडायचं. नवीन प्रकरण सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी त्यातले शब्द वहीच्या शेवटच्या पानावर समोरासमोर लिहायचे: न्यूमरेटर अंश, डिनॉमिनेटर छेद, एलसीएम लसावि, रेशो गुणोत्तर. तुम्ही घरी लसावि म्हणता आणि सर एलसीएम म्हणतात, तेव्हा या दोन्ही एकच हे ठरवण्यातही त्याची जागा खर्च होते, ती आधीच वाचवायची. सातवीच्या मध्यात माध्यम बदललं तर हेच उलट दिशेनं, सगळ्या प्रकरणांसाठी एकदम करावं लागेल. म्हणून आत्ता नको.

तुम्ही लिहिलंत की अभ्यास बाहेरच्या खोलीत, टीव्ही चालू असताना होतो. घर लहान आहे, आजी-आजोबांची मालिकेची वेळ ठरलेली आहे, ते मी समजू शकते. पण माणसाचं बोलणं कानावर पडत असलं की लक्ष द्यायचं नाही असं ठरवूनही मनातली उजळणी विस्कटते, हे प्रयोगांत अनेकदा दिसलं आहे. अर्थ न कळणारी भाषा असली तरीही. त्या तासाभरात नकाशा रंगवणं, आकृत्या काढणं, वही पूर्ण करणं ठेवा. पाढे, पाठांतर, शाब्दिक गणितं सकाळी किंवा मालिका संपल्यावर.

आणि रात्री साडेनऊला, ट्रेनच्या गर्दीतून दमून आलेल्या वडिलांनी "सात आठे किती? पटकन सांग!" असं विचारणं आजपासून बंद. ॲशक्राफ्ट आणि कर्क यांनी 2001 मध्ये दाखवलं की गणिताची भीती वाटणाऱ्यांची वर्किंग मेमरी गणिताच्या वेळी त्या भीतीतच गुंतते. चुकलो तर काय, बाबा काय म्हणतील, हे विचारही त्याच इवल्या जागेत बसतात. मूल छप्पन विसरलेलं नसतं. छप्पनला जागा उरलेली नसते.

एक सवय मात्र आवर्जून लावा. शाळेतून आल्यावर पुस्तक न उघडता आज गणितात काय झालं ते त्यानं सांगायचं किंवा कोऱ्या कागदावर लिहायचं, आणि मग उघडून ताडून बघायचं. रोएडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं, न बघता आठवून बघणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तो भास परीक्षेच्या हॉलमध्ये तुटतो.

हे वाचणाऱ्या शिक्षकांसाठी दोन-तीन गोष्टी. मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असताना बोलू नका. एका ओळीसाठी लहान मूल तीन-चारदा मान वर करतं, प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द धरून खाली आणतं. त्याच वेळी तुमचं स्पष्टीकरण चालू असेल तर दोन्ही वाया. स्मार्ट बोर्डावरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवू नका. चित्र दाखवा आणि बोला. भूमितीत त्रिकोण एबीसी आणि त्याचा बाह्यकोन एसीडी यांची आकृती डाव्या कोपऱ्यात आणि "कोन एसीडी = 110 अंश, कोन ए = 60 अंश" ही माहिती उजवीकडे असं लिहिलं, की मुलाची नजर नुसती येरझाऱ्या घालते. 110 आणि 60 आकृतीतच, कोनाच्या पोटात लिहा. कोन बी 50 अंश हे अनेकांना मग दिसूनच येईल. स्वेलर यांच्या गटानं 1988 मध्ये भूमितीच्या उदाहरणांवर काम करून हे मांडलं. खडूला त्यासाठी जास्तीचा खर्च नाही.

सूचनाही तशाच. "पुस्तकं काढा, सरावसंच 12 मधलं तिसरं आणि पाचवं करा, पाचव्याची आकृती काढा, झालं की वह्या डाव्या हातानं पुढे द्या." साठ मुलांच्या वर्गात निम्मी मुलं शेजाऱ्याला विचारतात आणि बाईंना गोंगाट वाटतो. सूचना फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. ताई, तुमच्या घरी हेच. तीन कामं सांगायची तर चिठ्ठीवर लिहून द्या, किंवा एक झाल्यावर दुसरं सांगा.

मदत कायमची ठेवायची नाही, हेही सांगायला हवं. कल्युगा आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलं की नवख्याला उपयोगी पडणारा आधार सरावलेल्या मुलाला उलट अडथळा होतो. ज्याला समच्छेद करणं सहज जमतं त्याला सोडवलेली उदाहरणं वाचायला लावणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. तुमच्या मुलाच्या वहीतला आधारही महिन्या-दोन महिन्यांत कमी झाला पाहिजे, आणि अवघड गणितांशी त्यानं एकट्यानं झगडलं पाहिजे.

मुलामुलांतला फरक किती असतो, याचा अंदाज पालकांना नसतो. संशोधक सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी अलोवे यांनी शिक्षकांसाठी लिहिलं आहे की सात-आठ वर्षांच्या 30 मुलांच्या वर्गात तिघांची वर्किंग मेमरी चार वर्षांच्या सरासरी मुलाएवढी आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाएवढी असू शकते. एकच बाई, एकच फळा, एकच वेग. शेजारच्या मुलाशी तुलना का करू नये, याला याहून मोठं कारण लागत नाही.

आता पुढचं पाऊल. त्याची वही घ्या आणि अर्धवट राहिलेल्या सात-आठ गणितांत पेन नेमकं कुठल्या पायरीला थांबलं तिथे पेन्सिलनं खूण करा. पालकसभेला जाताना ती वही न्या आणि शेऱ्यावर वाद न घालता सरांना खुणा दाखवा. खुणा गुणाकार-भागाकारापाशी असतील, तर रोज दहा मिनिटं पाढे, दुसरं काही नाही. शाब्दिक उदाहरणांच्या पहिल्याच ओळीला असतील, तर शब्दांचं पान आणि मराठीतून सांगणं. आणि खुणा सगळीकडे विखुरलेल्या असतील, वाचनातही तो अडखळत असेल, अक्षरं किंवा आकडे उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अवस्था मान्य केलेली आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. दहावीच्या वर्षाची वाट बघू नका, सातवी ही चांगली वेळ आहे.